पाटलांच्या मोटारीची फेंगडी चाकं

माझ्या धंद्यातला बराचसा काळ मी उताणा पडून काढला. वर दुसऱ्याची मोटार, खाली माझी पाठ आणि बाहेर फक्त दोन पाय. गोंदियातले कितीतरी मोठे लोक मला तोंडावरून ओळखणार नाहीत; पण पाय दाखवले तर "अरे, हा तर किसन मिस्त्री!" म्हणतील अशी माझी खात्री आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझे सगळे अनुभव मोटारीच्या खालच्या बाजूचे आहेत. ते म्हणाले, चालेल. त्यांनी स्वतः कधी मोटार घेतली नाही, म्हणून इतक्या सहज म्हणाले असावेत.

लोहाराच्या घरातून मी मोटारीकडे कसा आलो, ती हकिकत सोडून देतो. घरी बाप बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा. मी उस्मान उस्तादांच्या हाताखाली लॉऱ्यांचं काम शिकलो आणि पुढे फुलचूरच्या रस्त्यावर टिनाची शेड टाकून बसलो, एवढं पुरे. सांगायचं आहे ते एका गोष्टीबद्दल, जिला आम्ही कँबर म्हणतो.

जुन्या मोटारीसमोर दहा पावलांवर उभं राहून पुढची दोन चाकं पाहिली, तर ती सरळ उभी नसत. वरून थोडी बाहेर झुकलेली आणि खालून आत आलेली असत. माणूस पाय फेंगडे करून उभा राहतो ना, त्याच्या उलट म्हणा. पण गिऱ्हाईक म्हणताना 'फेंगडी चाकं' असंच म्हणायचं, आणि गिऱ्हाइकाशी भाषेवरून वाद घालणारा मिस्त्री उपाशी मरतो. हा झुकाव मुद्दाम ठेवलेला असे. त्याने स्टिअरिंग हलकं राहतं आणि चाकाचा भार बरोबर जागी पडतो. बंडीचं चाकही असंच थोडं कलतं बसवतात. सुतार ते डोळ्यानं करतो आणि त्या झुकावाला काही नाव देत नाही.

एकदा तेंदूपत्त्याचे एक ठेकेदार कोरी मोटार घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, कंपनीने धोखा दिया. दोनों पहिये टेढे हैं." मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "ठीक है, पर सीधे कब करोगे?" मी नाही म्हणालो. ते रागावून दुसरीकडे गेले. तिथे कुणीतरी चाकं सरळ करून दिली. महिनाभरात स्टिअरिंग असं जड झालं, की ठेकेदारांना आपले दंड भरून आले असं वाटायला लागलं. ते तब्येत सुधारली म्हणून खूश होते.

आता देवराम पाटलांची गोष्ट.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. देवराम पाटील नागऱ्याच्या पलीकडच्या एका गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. जातीने पोवार, आमचे पूर्वज माळव्यातून तलवार घेऊन आले असं ते पहिल्याच भेटीत सांगत, आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. बदली होऊन जाणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी जुनी उघड्या टपाची मोटार घेतली होती. मोटार चांगली होती, रस्ता नव्हता. धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, गावाकडे जी वाट जायची, ती बंड्यांनी इतकी खोल कापलेली होती, की दोन्ही बाजूंना चाकोरी आणि मधे उंच वरंबा. मोटारीची चाकं चाकोरीत उतरली की पोट वरंब्यावर टेकायचं. मग फागू ड्रायव्हर उतरून बैल आणायला जायचा. फागू आधी पाटलांचाच गाडीवान होता, त्यामुळे त्याला बैल आणण्यात काही कमीपणा वाटत नसे. पाटलांना वाटे.

त्या वर्षी त्यांच्या गावात शाळेची नवी इमारत झाली होती आणि दसऱ्यानंतर तिचं उद्घाटन करायला डिप्टी कमिश्नर साहेब येणार होते. साहेब आगगाडीने गोंदियाला उतरणार आणि तिथून पाटील त्यांना आपल्या मोटारीतून नेणार असं ठरलं होतं. पाटलांना सरकारकडून 'रावसाहेब' हा किताब हवा होता. ते हे कुणाला सांगत नसत, पण आमच्याकडे आले की आरशात पाहून फेटा ठीक करत, तेवढ्यावरून कळायचं.

एक दिवस ते बंडीत चार मोठी चाकं टाकून घेऊन आले. रायपूरकडे कुठल्या मोडीत निघालेल्या लॉरीची होती.

"हे बसव," ते म्हणाले. "मोटार उंच झाली पायजे. साहेबाले घेऊन जाताना वरंब्याले टेकली त माझं नाक कापलं जाईल."

"पाटील जी, हे चाक मोटारीचं नाही. भोकं जुळत नाहीत, टायर रुंद आहे."

"भोकं जुळव. तू लोहार होय का कोण होय?"

मी लोहारच होतो. लोखंडी चकत्या करून भोकं जुळवली, मडगार्ड कापले आणि चाकं चढवली. मोटार उंच झाली. इतकी, की पाटलांच्या घरच्या बायकांना चढता येईना आणि फागूला सोबत एक लाकडी तिवई ठेवावी लागली. मोटार थांबली की फागू आधी तिवई मांडायचा, मग दार उघडायचा. लोक पाहायला जमायचे.

पण चौथ्या दिवशी फागू एकटाच मोटार घेऊन आला. कपाळावर टेंगूळ.

"मिस्त्री, हे गाडी मले इचारतच नाही," तो म्हणाला. "मी इकडे वळवतो, ते तिकडे पाहून राहते. जोरात गेलं की चाक हातातून झटका मारते. काल बांधीत घातली असती."

हे का होत होतं ते सांगतो. एक रुपया उभा घरंगळवा. तो ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला वळत जातो. पुढची दोन्ही चाकं बाहेर कललेली, म्हणजे एक उजवीकडे जायला पाहतं आणि दुसरं डावीकडे. चाक लहान आणि टायर अरुंद असला की ही ओढाताण थोडी असते, आणि मोटार तेवढं सोसते. पण चाक मोठं, जड, टायर रुंद, शिवाय माझ्या चकत्यांमुळे बाहेर सरकलेलं, तेव्हा तीच ओढाताण स्टिअरिंगला झटके द्यायला लागते. रुंद टायर फक्त बाहेरच्या कडेवर चालतो आणि ती कड चारच दिवसांत घासून निघते. उपाय एकच होता. चाकांचा झुकाव कमी करायचा.

तो कमी करायला त्या मोटारीत कुठे स्क्रू नव्हता. दोन्ही चाकांना जोडणारा पुढचा एक्सल म्हणजे एक सलग जाड पोलादी दांडा. झुकाव बदलायचा तर तो दांडाच वाकवायचा. त्याच्याखाली रुळाचा तुकडा धरायचा, साखळ्यांनी जखडायचं, मधे जॅक लावायचा आणि केसभर केसभर दाब द्यायचा. उस्मान उस्तादांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. "गरम मत कर. और एक बार मोड़ा तो वापस मत मोड़." कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला शिवी दिली. त्यांची शिकवायची पद्धत तीच होती.

झुकाव मोजायचा तो ओळंब्याने. चाकाशेजारी दोरी सोडायची, चाकाची वरची कड दोरीपासून किती लांब आणि खालची किती, ते पट्टीने मोजायचं. दोन्हीतला फरक म्हणजे कँबर. फक्त खालची जमीन सपाट पाहिजे. त्यासाठी मी शेडमध्ये फरशीचा ओटा केला होता, आणि मला त्या ओट्याचा फार अभिमान होता. गोंदियात कुणाकडे तसा नव्हता.

मी मोजलं, साखळ्या बांधल्या, डावी बाजू वाकवली. पुन्हा मोजलं, बरोबर आलं. उजवी बाजू वाकवली, तीही बरोबर आली. मग सवयीप्रमाणे मोटार उलट तोंडाने ओट्यावर चढवून मोजलं, तर सगळं चुकलेलं. डावं चाक आता वरून आत झुकलं होतं. मी ओट्यावर पाण्याने भरलेली परात ठेवली. पाणी एका बाजूला गेलं. त्या पावसाळ्यात ओट्याची एक बाजू खचली होती, आणि मी तपासली नव्हती.

उद्घाटनाला आठवडा राहिला होता. दुसरा एक्सल मागवायचा तर कलकत्त्याहून यायला महिना लागला असता. मी साखळ्या उलट्या बांधल्या आणि दांडा परत वाकवला. जास्त झाला, म्हणून पुन्हा थोडा इकडे. शेवटी बरोबर आलं.

पाटील स्वतः आले. फागूला बाजूला बसवून नागऱ्याच्या देवळापर्यंत मोटार नेली आणि परत आणली. येताना एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा मिशीवर होता.

"मक्खन!" ते रस्त्यावरूनच ओरडले. "किसन, तू आदमी नाही, जादूगार होय." मग त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या चार लोकांना थांबवून हेच सांगितलं. माझ्या धंद्यात पाटलांसारख्या माणसाने रस्त्यात उभं राहून तारीफ करणं फार वेळा होत नाही. मी खाली मान घालून हात पुसत राहिलो आणि गप्प बसलो.

त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. भीती होती असंही नाही. बरं वाटत होतं, म्हणून गप्प होतो.

तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी सकाळी एका लॉरीचं मडगार्ड बांधायला मी तार घेतली. पक्कड सापडेना, म्हणून सगळे करतात तसं ती तार हाताने इकडे वाकवली, तिकडे वाकवली, इकडे वाकवली. तुटली. हातात दोन तुकडे घेऊन मी तिथेच उभा राहिलो. एकदा वाकवलेलं परत का वाकवायचं नाही, आणि उस्तादांनी शिवी का दिली होती, ते त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मी तशीच सायकल काढली आणि पाटलांच्या गावाचा रस्ता धरला.

गावात तोरणं लागली होती. मोटार वाड्यासमोर धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. पाटील पाचपन्नास पाहुण्यांमध्ये बसले होते. मला पाहताच त्यांनी हात पसरले. "या जादूगार! हाच तो मिस्त्री!"

मी त्यांना बाजूला यायला सांगितलं. ते म्हणाले, इथंच बोल, घरचेच लोक होत.

"पाटील जी, मोटारीचा एक्सल मला तपासायचा आहे. माझ्या हातून काम चुकलं आहे."

"कोणतं काम?"

"चाकाचं. दांडा मी उलटसुलट वाकवला. आतून तडकला असेल."

पाटील हसले. पाहुणेही हसले. "पाहा, किती साधा आदमी होय," पाटील त्यांना म्हणाले. "आपल्याच कामात खोट काढून राहिला." मग माझ्याकडे वळून, "गाडी पाण्यासारखी चालते. मी खुद चालवली. तुले काऊन आता आठवलं? उद्या साहेब येऊन राहिले आन् तू गाडी खोलाले आला?"

त्या दिवशीइतका विचित्र प्रसंग माझ्या धंद्यात दुसरा नाही. चांगलं काम वाईट म्हणणारी गिऱ्हाइकं मी शेकड्याने पाहिली होती; त्यांना कसं समजवायचं ते मला येत होतं. माझं काम वाईट आहे हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी जितकं स्वतःला नावं ठेवू, तितके पाहुणे माझ्या नम्रतेवर खूश होत होते. एकाने तर माझा पत्ता विचारला.

"पाटील जी, एक्सल तुटला तर चाक सुटून जाईल," मी शेवटी म्हणालो. "गाडीत तुम्ही, साहेब आणि फागू. चाकोरीत तुटला तर देव वाचवेल, पण नागऱ्याच्या उतारावर तुटला तर नाही."

आता कुणी हसलं नाही. पाटलांचा चेहरा लाल झाला. "अपशकुन करून राहिला माझ्या दारात," ते म्हणाले. "चाल, निघ."

तेव्हा दाराआडून पाटलीणबाईंचा आवाज आला. मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. "पाहू द्या ना जी त्याले. खडूच लावतो म्हणते ना तो? दागिने त नाही मांगून राहिला."

मी खडूचं काहीच म्हणालो नव्हतो. पण माझ्या खिशातून खडूच्या भुकटीची पुडी बाहेर आलेली त्यांनी आतून पाहिली असावी. पाटलांना बाईंसमोर, म्हणजे दारासमोर, नाही म्हणता आलं नाही.

मी मोटारीखाली शिरलो. चिखल पुसला, कंदिलातलं घासलेट मागवून दांडा चांगला भिजवला आणि थोडं थांबलो. मग कोरडा खडखडीत पुसून वरून खडूची भुकटी चोळली. दांडा सलग असला तर खडू पांढरा राहतो. भेग असली तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. मी मनातून म्हणत होतो, नको उमटू. डाव्या बाजूला, जिथे मी सगळ्यात जास्त वाकवलं होतं, तिथे केसासारखी रेघ उमटली आणि माझ्यासमोर लांब होत गेली.

"पाटील जी, या."

देवराम पाटील फेटा सांभाळत, नवं धोतर चिखलात घालून माझ्या शेजारी येऊन उताणे पडले. बाहेर पाहुण्यांना आता चार पाय दिसत असणार. त्यांनी रेघ पाहिली आणि अंगठ्याने पुसून टाकली. मी पुन्हा खडू लावला. रेघ पुन्हा आली. त्यांनी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी हात लावला नाही.

"हे तू केलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी केलं."

"पहिलेच काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही तारीफ केली. बरं वाटलं."

त्यांनी मोटारीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, "साहेब जाईपर्यंत तू गावाच्या बाहेर पाय नाही ठेवायचा." आणि बाहेर निघाले.

मला वाटलं, साहेबांसमोर उभं करणार. पण झालं वेगळंच. मोटार गोठ्यात ढकलली गेली आणि तिच्यावर धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग रचला गेला. झेंडूच्या माळा काढून दमणीला, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीला, लावल्या. दुसऱ्या दिवशी फागू आपल्या जुन्या जागी, बैलांच्या मागे बसला. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता. साहेबांना त्याने चाकोरीतून असं सुखरूप आणलं, की त्यांच्या टोपीवर चिखलाचा थेंब नव्हता.

सोबत तहसीलदार होते. त्यांनी पाटलांना हळूच विचारलं, "आपकी मोटर?"

"कौनसी मोटर?" पाटील म्हणाले.

साहेबांनी भाषण इंग्रजीत केलं आणि तहसीलदारांनी त्याचा अर्थ सांगितला. मी मागे उभा होतो. साहेब म्हणत होते, की आजकाल जो तो मालगुजार मोटारीच्या नादी लागून रयतेपासून दूर जातो आहे. अशा वेळी देवराम पाटलांनी बापजाद्यांची साधी राहणी सोडली नाही, पाहुण्याला आपल्या बैलांच्या गाडीतून आणलं, याचं सरकारला फार कौतुक वाटतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील हात जोडून, डोळे मिटून उभे होते. तीस हातांवर तणसाखाली मोटार होती, आणि गावातल्या एकाही माणसाने त्या दिशेला मान वळवली नाही.

किताबांच्या पुढच्या यादीत पाटील रावसाहेब झाले. ते व्हायला माझा तडकलेला एक्सल उपयोगी पडला, असं मी म्हटलं तर खोटं नाही; पण मी ते आज पहिल्यांदाच म्हणतो आहे.

साहेब गेल्यावर आठ दिवसांनी पाटलांनी मोटार बैलांनी ओढून माझ्या शेडवर आणली. मी एक्सल काढून ठेवला.

"तोड," ते म्हणाले. "मले पाहायचं होय."

मी दांडा दोन दगडांवर ठेवला आणि घण घातला. दोन घाव त्याने झेलले. तिसऱ्या घावाला तो खडूच्या कांडीसारखा तुटला. पाटलांनी एक तुकडा उचलून उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळा होता, म्हणजे तेवढा आधीच सुटलेला होता. उरलेला नवा, चमकणारा. त्यांनी त्या चमकणाऱ्या भागावर बोट ठेवलं. दोन बोटंही तिथे पुरती मावली नसती.

"एवढ्यावर मी नागऱ्याले जाऊन आलो?"

"हो जी."

"एका हातानं चालवत."

त्यांनी तुकडा खाली ठेवला, हात धोतराला पुसले. मला वाटलं, आता मोटार दुसरीकडे नेतील, आणि नेली असती तर मला बोलायला तोंड नव्हतं.

"नवा एक्सल मागव," ते म्हणाले. "आन् आधीचीच चाकं बसव. पण ह्या खेपेले तू मोजशील तेव्हा मी इथं बसून राहीन."

महिन्याने एक्सल आला आणि ते खरंच येऊन बसले. आधी ओटा तपासायला लावला. मी ओळंबा सोडून आकडा सांगितला की ते उठत, माझ्या हातातली पट्टी घेत आणि स्वतः मोजत. पुढे कितीतरी वर्षं हेच चाललं. बाकीची गिऱ्हाइकं माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकत आणि रावसाहेब देवराम पाटील दर वेळी माझ्या मागून पुन्हा मोजत. शेडमधले लोक हसायचे. मला मात्र त्यांच्या मोटारीवर काम करताना सगळ्यात मोकळं वाटायचं.

शेवटचे ते आले तेव्हा इंग्रज जायच्या बेतात होते आणि पाटलांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांच्या नव्या मोटारीची पुढची चाकं मी मोजत होतो. ते सवयीने उठले, पट्टी घेतली, चाकाजवळ वाकले, डोळ्यांपुढे पट्टी पुढेमागे करून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"मले आता दिसत नाही. तूच सांग, किती होय."

मी सांगितलं.

"खरं सांगून राहिला?"

"हो, पाटील जी."

"मंग बसव," ते म्हणाले, आणि खुर्ची चाचपत जाऊन बसले.